पुन्हा काढला का जिना?

ता. ३ मार्च

तीर्थस्वरूप मोठे भाऊजी यांच्या सेवेशी कृतानेक नमस्कार.

आपण पाठवलेला सुतार सोमवारी सकाळी आला आणि जिना घेऊन गेला. ‘घेऊन गेला’ हे शब्द लिहिल्यावर माझे मलाच चमत्कारिक वाटले, पण दुसरे सुचत नाहीत. मी देव्हाऱ्याची पितळी नक्षी घासत होते. खाली ठोकाठोक ऐकू आली तेव्हा वाटलं, एखादी पायरी बदलत असेल, कठडा आवळत असेल. हात धुऊन दाराशी येईतो कठडा गेला होता. मग पायऱ्या गेल्या. मग भिंतीलगतचे दोन लांब वासेही उतरवून त्याने हातगाडीवर रचले आणि दोरीने आवळले. मी वरून ओरडले, “अहो, आणि आम्ही?” तर म्हणाला, “साहेब म्हणाले दुरुस्ती आहे. आठ दिवस. ही शिडी ठेवलीय ना!”

शिडी बांबूची आहे. आपल्या माहितीसाठी लिहिते, वरच्या मजल्याचं दार उघडलं की आता समोर हवा आहे. उंबरठा आहे आणि पुढे काही नाही. दुधाची पिशवी आणि भाजी मी दोरीला टोपली बांधून वर ओढून घेते. गल्लीतली मुलं टोपलीत दगड टाकून पळतात. त्यांचं वयच तसं आहे.

आपल्याला दोष देण्याचा हेतू नाही. मामंजींच्या माघारी खालचा मजला आपला आणि वरचा आमचा हे ठरलं, ते आपल्याच तोंडून ठरलं. जिन्याचं कोणी काही बोललं नव्हतं. जिना कोणाचा, असं घरात कोणी विचारत नाही. आपण खालचा मजला कुलूप लावून परगावी राहता, तेव्हा त्यावरून चढणारे उतरणारे आम्हीच. आपल्याला त्याची दुरुस्ती सुचली, हे चांगलंच म्हणायचं.

घराला गिऱ्हाईक आल्याचं आपलं पत्र आणि सोबतचा संमतीचा कागद मिळाला. गिऱ्हाइकाला घर पूर्ण मोकळं हवं आहे आणि आमची सोय आपल्या बंगल्यामागच्या खोलीत होईल, हेही वाचलं. विचार करून कळवते.

यांची तब्येत बरी आहे. जाऊबाईंना नमस्कार. जिना वेळेवर यावा ही विनंती.

आपली,
धाकटी भावजय


ता. १४ मार्च

मोठे भाऊजी यांस सा. नमस्कार.

आपलं उत्तर आलं. आठ दिवस कधीच उलटले, जिना आला नाही. आपण लिहिता, लाकूड वाळायला वेळ लागतो. ते लाकूड मामंजींच्या वेळेपासून वाळतंच आहे, भाऊजी. आणखी किती वाळवणार?

मागच्या पत्रात यांची तब्येत बरी आहे असं लिहिलं, कारण आपल्यापुढे रडगाणं गायचं नव्हतं. आता खरं काय ते लिहिते. मागल्या वर्षी अर्धांगाचा झटका येऊन उजवा पाय आणि हात गेला, तिथून आम्ही कुठवर आलो होतो हे आपल्याला ठाऊक नाही, कारण आपण आला नाहीत. हे काठी घेऊन जिना उतरत होते. कठड्याला डावा हात, मागे मी. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन, इस्त्रीवाल्याच्या दुकानात बसून, गप्पा मारून परत येत होते. व्यायाम करून घेणारी मुलगी दिवसाआड यायची. ती एकदा शिडीने वर आली. उतरताना तिचे पाय लटपटले. दुसऱ्या दिवशी तिने निरोप पाठवला, “काकू, जिना झाला की कळवा.” मी शिकले तसा व्यायाम करून घेते, पण माझ्या हातात ती ताकद नाही. पाय पुन्हा ताठ होऊ लागला आहे. डॉक्टर म्हणाले होते, हे चार-सहा महिने महत्त्वाचे, नंतर जे राहील ते कायमचं राहील. चार-सहा महिन्यांतले दिवस आपल्या लाकडाबरोबर वाळत आहेत.

परवा सकाळी हे सवयीने उठले, काठी घेतली आणि दार उघडलं. मी चहा गाळत होते. वळून पाहते तर एक पाय उंबरठ्यावर. जाऊन मागून सदरा धरला आणि धरूनच बसले. यांना स्वतःला काही वाटलं नाही. म्हणाले, “दार उघडलं की थेट स्वर्ग. एवढ्या वर्षांची तुझी प्रार्थना पावली म्हणायची.” तेव्हापासून कडीला सुतळीच्या दोन गाठी मारते.

आपण पत्रात एक उपाय सुचवला आहे. तो इथे उतरवते, म्हणजे आपण काय लिहिलं ते आपल्या लक्षात राहील. ‘डॉक्टरकडे न्यायचंच झालं तर खुर्चीत बसवून, छातीशी आणि मांड्यांशी बांधून, दोन दोरांनी खाली सोडता येतं. खुर्ची हातांची घ्यावी. चार माणसं पुरतात. घाबरण्यासारखं काही नाही.’

वाचून आधी मला बरं वाटलं. दिराला काळजी आहे, किती बारकाईने लिहिलंय, असं वाटलं. मग यांना वाचून दाखवलं, तर हे हसायलाच लागले. “माझी उडती खुर्ची!” म्हणाले. लहानपणी एक खुर्ची आभाळातून खाली येताना पाहिली, ही यांची गोष्ट मी लग्न झाल्यापासून ऐकते आहे. ती निघाली की आपण दर वेळी म्हणता, “अरे, ताप होता तुला, स्वप्न पडलं होतं.” मीही तसंच समजत आले.

काही झालं तरी यांना मी खुर्चीला बांधून गल्लीसमोर उतरवणार नाही. ते पोतं नाहीत.

संमतीच्या कागदाचा विचार केला. कागद चांगला जाड आहे. तेलाच्या बाटलीखाली घातला आहे, फळीला डाग पडत नाही.

आणखी एक. आज सकाळी टोपली वर ओढत असताना खालून एक म्हातारी बाई जात होती. ताठ, केस बारीक कापलेले, पायात कॅनव्हासचे बूट. ती थांबली. टोपलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग भिंतीवर जिन्याच्या जागी राहिलेल्या पांढऱ्या पट्ट्याकडे. आणि म्हणाली, “काय गं, पुन्हा काढला का जिना?”

मी म्हटलं, “पुन्हा म्हणजे?”

“उद्या येते,” म्हणाली. “आज माझी पेन्शनची रांग आहे.”

आपल्याला ‘पुन्हा’चा अर्थ माहीत असेल तर उलट टपाली कळवावा.

धाकटी


ता. १६ मार्च

मोठे भाऊजी,

नमस्कार आज राहू द्या.

ती बाई आली. मुलींच्या शाळेत ड्रिल शिकवायची. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण आवाज अजून मैदानाच्या टोकापर्यंत पोचतो. मी म्हटलं, “शिडी धरते, वर या.” तर म्हणाली, “त्या शिडीवर मी पाय ठेवायची नाही. लहानपणी शिडीने चढले-उतरले तेवढं पुरे. तू बैस उंबरठ्यावर, माझा आवाज येतो की नाही ते सांग.”

आवाज येत होता. इस्त्रीवाल्यालाही येत होता. त्याने आपली खुर्ची बाहेर काढून तिला दिली. समोरच्या दोन खिडक्या उघडल्या. भाऊजी, आपल्या घरातली गोष्ट सबंध गल्लीने ऐकली ती अशी. जिना असता तर ती बाई वर आली असती, आम्ही दार लोटून घेऊन हळू आवाजात बोललो असतो आणि ते चार भिंतींत राहिलं असतं. ओरडून सांगावं लागलं ते आपण जिना काढलात म्हणून. हे आधी नीट वाचा आणि मग पुढचं वाचा.

ती म्हणाली, “तू बसलीस ना, तिथे माझे वडील बसायचे. घड्याळजी होते. त्या दाराच्या डाव्या बाजूला खिडकी आहे?”

“आहे.”

“तिच्यापुढे त्यांचं टेबल. उजेड तिथेच चांगला. त्यांचे पाय गेलेले होते लहानपणीच, पण हात असे, की घड्याळ नुसतं कानाशी धरून सांगायचे कुठलं चाक रुसलंय. लोक जिना चढून यायचे. दिवसभर धडधड धडधड. पायऱ्या मधे झिजून वाटीसारख्या झाल्या होत्या.”

मी विचारलं, “म्हणजे तुम्ही इथे भाड्याने?”

“नाहीतर काय, फुकट? माझा जन्म त्या आतल्या खोलीतला. मग घरमालकाला वरचा मजला हवा झाला. वडील म्हणाले, दुसरी जागा मिळेपर्यंत थांबा, मला जिना चढता येत नाही, खालची जागा शोधावी लागेल. मालक म्हणाला, बरं. अगदी गोड बोलला. आणि आठवड्याने सुतार पाठवला. दुरुस्ती म्हणून. आठ दिवस म्हणून.”

इथे इस्त्रीवाला मोठ्याने म्हणाला, “आठच दिवस?” आणि खिडकीतलं कोणीतरी हसलं. मला हसू आलं नाही. घरमालक म्हणजे मामंजी. ज्यांच्या तसबिरीला मी रोज फूल वाहते ते.

ती पुढे सांगत होती, “मी आणि आई शिडीने चढायचो. बादल्या घेऊन चढायचो. पण गिऱ्हाईक कसं चढणार? कोण भिंतीवरचं घड्याळ बगलेत घेऊन शिडी चढतो? एकेक करून सगळे दुसऱ्याकडे गेले. वडील खिडकीत बसायचे आणि खाली जाणाऱ्यांना विचारायचे, ‘काय, घड्याळ बरं आहे ना?’ लोक मान खाली घालून जायचे. शेवटी एक दिवस म्हणाले, उतरवा मला.”

“कसं उतरवलं?” मी विचारलं. भाऊजी, मला उत्तर आधीच कळलं होतं. आपलं पत्र माझ्या पुढ्यात, फळीवर पडलं होतं.

“खुर्चीत बसवून. मालकानेच दिली खुर्ची, हातांची. मोठा उपकार! छातीशी बांधलं, मांड्यांशी बांधलं, दोन दोर. गल्ली भरून लोक. वडिलांनी अवजारांची पेटी मांडीवर घेतली होती, ती कोणाच्या हाती देईनात. वरून दोर सोडत होते मालकाची माणसं आणि मालकाचा मोठा मुलगा. कॉलेजात होता, नवा चष्मा लावलेला. तो मधेच शिंकला. त्याच्या हातून दोर सुटला, खुर्ची एका अंगाला हातभर घसरली आणि पेटी उघडून सगळी चाकं, स्प्रिंगा, काटे रस्त्यावर. माणूस आडवा लोंबतोय आणि वरून घड्याळाची चाकं पडताहेत. लोक हसले गं. मी लोकांचं एवढं मनाला लावून घेतलं नाही, घाबरलेला माणूससुद्धा हसतो. पण मी वर पाहिलं, तर तो चष्मेवाला दोर पुन्हा धरून हसत होता. खदाखदा.”

ती म्हणाली, “आई आणि मी गुडघ्यावर बसून चाकं वेचली. सगळी मिळाली नाहीत. वडिलांनी नंतर पेटी उघडली नाही.”

भाऊजी, त्या घरात तेव्हा दोनच मुलगे होते. धाकटा चार वर्षांचा होता.

खुर्ची हातांची घ्यावी, हे आपल्याला कसं माहीत? छातीशी आणि मांड्यांशी बांधावं, दोर दोन घ्यावेत, चार माणसं पुरतात, हे आपण कोणत्या पुस्तकात वाचलंत? मला वाटलं होतं, काळजीपोटी सुचलं. आपल्याला आठवलं होतं! आणि आठवून लिहिताना हात थांबला नाही. सख्ख्या भावासाठी लिहिताना थांबला नाही.

यांना सारं ऐकू गेलं होतं. मी आत आले तेव्हा पलंगाच्या काठावर बसून डाव्या हाताने उजवा गुडघा चोळत होते. म्हणाले, “म्हणजे मला ताप नव्हता.”

एवढंच म्हणाले. या माणसाने जन्मभर स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास ठेवला, कारण दादा म्हणतो ते खरं. आजही मला सांगतात, “दादाला वेडंवाकडं लिहू नकोस.” मी वेडंवाकडं काही लिहीत नाही. सरळ ओळीत लिहिते आहे.

रोजच्या प्रार्थनेत मी आपलं नाव घेते. आजही घेतलं. काय मागितलं ते लिहीत नाही.


ता. २५ मार्च

भाऊजी,

आपलं पत्र वाचलं. गल्लीत तमाशा केला, घराण्याची अब्रू काढली, मॅट्रिक झालेल्या बाईला एवढी अक्कल हवी होती. बरं.

आपण लिहिता, वरच्या मजल्यावर कधीच भाडेकरू नव्हते, तिथे धान्याची कोठी होती आणि ती बाई भ्रमिष्ट आहे. कोठीतल्या धान्याला खिडकीपुढे टेबल कशाला लागत होतं, भाऊजी? टेबलाच्या पायांचे खळगे फरशीत आहेत. मी तिथे वीस वर्षं फडकं फिरवते आहे.

पण मी आज पुरावे मांडायला बसलेली नाही. मला एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. आपण ती मला सांगितली नाहीत, मामंजींनी सांगितली नाही, आणि ती मला त्या बाईकडून ओझरती कळली. जाता जाता ती म्हणाली होती, “जिन्याची खालची पायरी सरकायची. मी एकदा आपटले, तेव्हा वडिलांनी तिच्या कडेला पितळी पट्टी बसवून घेतली. भिंतीवरच्या घड्याळाच्या पेटीचे स्क्रू दिले होते, फुलासारख्या डोक्याचे. नंतर पट्टी निघाली, स्क्रू तसेच राहिले. तेवढी पायरी तरी मालकाकडे मागावी असं वडिलांच्या मनात होतं. काय केलं त्या जिन्याचं, देव जाणे.”

देव जाणतच होता. त्याच्याच खाली होता तो.

मी लग्न होऊन आले तेव्हा मामंजींनी मला देव्हारा दाखवला होता. “घरातलं जुनं सागवान आहे, मुद्दाम करवून घेतलं,” म्हणाले होते. मधल्या फळीला एक खळगा आहे. त्यात समई अशी बसते, की जणू मापाने केलाय. मी येणाऱ्या जाणाऱ्याला कौतुकाने दाखवायचे. आणि फळीच्या कडेला पितळेची बारीक फुलं आहेत, एका ओळीत. नक्षी. ती मी चिंच लावून, राख लावून घासत आले. आपला सुतार आला त्या सकाळीही तीच घासत होते.

पत्र लिहायच्या आधी देव उतरवून ठेवले, फळी उलटी केली. ज्यांना मी फुलं म्हणत होते त्यांना राखेने बुजलेल्या खाचा आहेत. स्क्रू आहेत ते.

मला कोणी विचारलं असतं, देवाखाली पायरी चालेल का, तर मी म्हटलं असतं, चालेल. माणसांचे पाय लागलेलं लाकूड विटाळत नाही. पण हे लाकूड एका पांगळ्या माणसाच्या दारातून हिसकावून आणलेलं आहे, आणि त्याच्यापुढे मी यांच्या पायासाठी हात जोडत होते! यांचा पाय बरा कर, म्हणून. दुसऱ्याच्या पायरीवर दिवा लावून. माझ्या देवासमोर माझं असं हसं करून ठेवलंत आपण सगळ्यांनी. मामंजी गेले, त्यांना आता काही विचारता येत नाही. आपण आहात.

आपण उभे होतात तेव्हा तिथे. एकोणीस-वीस वर्षांचे होतात, बापाने दोर धर म्हटलं म्हणून धरला असेल, ते मी समजू शकते. शिंक कोणालाही येते. आता कोणी दोर धरायला सांगितला? आता तर बाप नाही.


ता. ८ एप्रिल

भाऊजी,

जिना बसला.

आपण सुताराला विचारण्याआधी मीच सांगते. त्याला मी बोलावलं नव्हतं. पण त्या दिवशी तो इस्त्रीवाल्याकडे चहा पीत बसला होता आणि सगळं ऐकत होता. तेव्हापासून तो गल्लीतून गेला की कोणीतरी विचारायचं, “काय सुतार, आठ दिवस झाले का?” इस्त्रीवाल्याने त्याचे कपडे घ्यायचे बंद केले. “दुरुस्ती चालू आहे,” म्हणायचा, “आठ दिवसांनी या.” शेवटी गेल्या शनिवारी हातगाडी घेऊन आला, वर न पाहता म्हणाला, “काकू, वासे आणलेत. पायऱ्या आणल्यात. पण चार पायऱ्या एका दुकानाच्या फळीला गेल्या. साहेब म्हणाले होते, आता लागणार नाहीत.”

मी म्हटलं, “साहेबांनी असं म्हटलं?”

“म्हटलं की.”

“दुरुस्ती म्हणून नेलेल्या जिन्याबद्दल?”

तो हातगाडीची दोरी सोडायला लागला.

मी आत गेले. यांनी विचारलं, “काय करतेस?” देव एकेक करून ओट्यावर ठेवले, समई ठेवली, आणि देव्हारा सुताराच्या हवाली केला. यांनी विचारलं, “आणि देव कुठे बसणार?” मी म्हटलं, “खिडकीत. उजेड आहे, हवा आहे, गल्ली दिसते. इथे काय चाललंय ते त्यालाही कळू दे जरा.” हे म्हणाले, “घड्याळजीच्या जागी?” माझ्या लक्षातच आलं नव्हतं. म्हटलं, “हो. त्याच जागी.”

देव्हाऱ्यातून चार पायऱ्या अगदी बेताच्या निघाल्या. एका फळीत खळगा होता, कडेला पितळ होतं. सुतार म्हणाला, “ही सर्वांत खाली घालतो, तिथे अशीच बसायची असेल.” मी बघत उभी राहिले.

ड्रिलच्या बाईंना निरोप धाडला होता. त्या बूट घालून आल्या, जिन्याखाली थांबल्या. मी धावत खाली गेले, तर शेवटच्या पायरीशी माझा पाय अडला. आदल्या दिवसापर्यंत तिच्यावर समई होती. मी वाकून नमस्कार करायला गेले तेव्हा बाई म्हणाल्या, “हे काय? पाय ठेव. त्यासाठीच आहे ती.” मी ठेवला. मग त्यांनी ठेवला. बोटाने स्क्रूची डोकी चाचपली, मोजली की काय कोण जाणे, आणि म्हणाल्या, “चकचकीत ठेवलीस गं.” मी मान खाली घातली. वर चढून त्या आतल्या खोलीत गेल्या, खिडकीपाशी आल्या, देवांसमोर उभ्या राहिल्या. हात जोडले नाहीत. बाहेर गल्लीकडे पाहत म्हणाल्या, “काय, घड्याळ बरं आहे ना?” खालून इस्त्रीवाला म्हणाला, “चाललंय, बाई!” त्याला काय माहीत, कोणाला विचारलं.

संध्याकाळी हे उतरले. डावा हात कठड्याला, मागे मी. पाय फार ताठ झाला आहे, पहिल्यासारखं होणार नाही असं त्या मुलीचं मत आहे. पण उतरले. मधे दोनदा थांबले. खालच्या पायरीवर पोचल्यावर वर वळून उंबरठ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “खुर्ची इथेच टेकली होती. आता आठवतंय मला. तू त्या बाईंना सांग, मी हसलो नव्हतो. मला वाटलं, तो माणूस राजा आहे.” बाई तिथेच होत्या. त्यांना सांगायची गरज पडली नाही.

आपला संमतीचा कागद सोबत परत पाठवते आहे. सहीच्या जागी तेलाच्या बाटलीचा गोल उमटला आहे, तेवढीच आमची सही. आम्ही कुठे जात नाही. मामंजींची तसबीर खाली आपल्या दाराशी, पायरीला टेकवून ठेवली आहे. कुलूप आपलं आहे, आपणच आत घ्या.

जिना दोघांचा आहे, हे मी लिहून देते. आपण आलात तर चढायला कोणी अडवणार नाही. पण चढण्याआधी इस्त्रीवाल्याच्या दुकानासमोर उभे राहायचं आणि त्या दिवशी कशाचं हसू आलं होतं, ते तिथून सांगायचं. मोठ्याने, सबंध गल्लीला ऐकू जाईल असं. बाई रोज संध्याकाळी तिथे बसतात, त्यांना आता थोडं कमी ऐकू येतं.

मी वर दारात उभी असेन.